‘सीआरपी वाढला’ म्हणजे काय? शरीरातल्या एका छोट्या निरोप्याची ओळख



आपल्या ज्येष्ठ वाचकांकडून एक प्रश्न वारंवार येतो. "रक्त तपासले, सीआरपी वाढला आहे म्हणतात. हा कसला आजार?" काहींना तर ‘सीआरपी कमी करणारी गोळी’ हवी असते. उत्तर आधीच देऊन ठेवते. सीआरपी हा आजार नाही. शरीरात एक निरोप फिरला आणि तो यकृतापर्यंत पोहोचला, याची ती पावती आहे. पावती फाडून टाकली म्हणून निरोप खोटा ठरत नाही. निरोप कोणी धाडला आणि कशासाठी, हे शोधायचे असते.

हा निरोप नेणाऱ्या प्रथिनाचे नाव इंटरल्यूकिन-६. मी सोळा वर्षे ओमानमध्ये, मस्कतच्या एका खाजगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम केले. तिथे पहिली बरीच वर्षे हे नाव फक्त सांधेदुखीच्या मोठ्या डॉक्टरांच्या तोंडी ऐकू येई. २०२० साली कोरोनाची साथ आली आणि सहा महिन्यांत ते नाव सगळ्यांच्या ओठांवर आले. त्या साथीत मस्कतला जे घडले त्यातून या निरोप्याचा स्वभाव चांगला कळतो, म्हणून ते इथे थोडे विस्ताराने सांगणार आहे.

दाह हा शत्रू नव्हे

नारळ खवताना विळी बोटाला लागली, की थोड्या वेळाने बोट लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने ही चार लक्षणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहेत. यालाच दाह म्हणतात. आपण दाहाला आजार समजतो, पण ही शरीराची स्वतःची राखण आहे. जखमेतून जंतू शिरले तर त्यांना गाठायला पांढऱ्या पेशी तिथे याव्या लागतात. त्यासाठी रक्तवाहिन्या रुंद होतात म्हणून लाली आणि उष्णता दिसते. वाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो म्हणून सूज येते.

बोटाला लागले हे बाकीच्या शरीराला कळते कसे? पूर्वी आपल्या कुलाब्याच्या गावांत काही संकट आले की दवंडी पिटत. दवंडीवाला स्वतः आग विझवत नसे. तो फक्त ओरडत जाई. ती ऐकून कोणी घागर घेई, कोणी गुरे सोडी, कोणी पोरांना घराबाहेर काढी. प्रत्येकजण आपापले काम करी. इंटरल्यूकिन-६ असाच दवंडीवाला आहे. जंतूंना गाठणाऱ्या भक्षक पेशी आणि इतर काही पेशी हे प्रथिन बनवून रक्तात सोडतात. ते मेंदूतल्या तापमान राखणाऱ्या भागाला कळवते आणि ताप चढतो. यकृताला कळवते आणि यकृत सीआरपी बनवू लागते. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींना कळवते आणि त्या कामाला लागतात.

हे प्रथिन खरोखरच छोटे आहे. अमिनो आम्लांचे जेमतेम १८४ मणी ओवलेली एक माळ म्हणा ना. निरोगी माणसाच्या एक मिलिलीटर रक्तात ते काही पिकोग्रॅम एवढेच असते. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. रक्तात जंतुसंसर्ग पसरला तर हाच आकडा हजारोंच्या घरात जातो.

जपानमधल्या ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो, तोशिओ हिरानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये या प्रथिनाची जनुकीय ओळख पटवली. सीआरपी त्याहून खूप जुना आहे. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात तो १९३० मध्येच सापडला होता. म्हणजे पावती पन्नासहून अधिक वर्षे आपल्या हातात होती आणि निरोप्या नंतर सापडला.

पावती वाचायची कशी?

निरोप मिळाल्यावर सहा-आठ तासांत रक्तातला सीआरपी वाढू लागतो आणि साधारण दोन दिवसांत तो शिगेला पोहोचतो. कारण दूर झाले की दर एकोणीस तासांनी तो निम्मा होत जातो. म्हणून डॉक्टर एकाच तपासणीवर न थांबता दोन दिवसांनी पुन्हा तपासायला सांगतात. औषध लागू पडते आहे का, हे त्या उतरत्या आकड्यावरून कळते. सर्दी, दात किडणे, हिरड्या सुजणे, मूत्रमार्गाचा संसर्ग, संधिवात, शस्त्रक्रिया, नुसते पडणे-झडणे, यांपैकी कशानेही तो वाढतो. तो ‘काहीतरी आहे’ एवढे सांगतो, ‘काय आहे’ ते सांगत नाही.

आता एक अगदी व्यावहारिक गोष्ट. आपल्यापैकी अनेकांचे एक पाऊल ठाण्यात आणि एक अश्दोदला असते. माझी एक आतेबहीण ठाण्याला लेकीकडे आली असताना तिचा सीआरपी ८ आला. आधीच्या महिन्यात कुपत होलीममध्ये तो ०.८ होता. दहापट वाढला म्हणून तिची झोप उडाली. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. एकावर मिलिग्रॅम प्रति लीटर लिहिले होते, दुसऱ्यावर मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर. डेसिलीटर हा लीटरचा दहावा भाग, म्हणजे दोन्ही आकडे एकच! अहवाल वाचताना आकड्याच्या पुढे छापलेले एकक आणि त्या प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा आधी पाहा, मग काळजी करा. देश बदलताना जुने अहवाल बरोबर ठेवा आणि डॉक्टरांना एकक दाखवा.

मस्कतचा उन्हाळा

ओमानमध्ये कोरोनाचे पहिले दोन रुग्ण २४ फेब्रुवारी २०२० रोजी सापडले. एप्रिलमध्ये अतिदक्षता विभागात रुग्ण येत होते. डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसत होती. आठवडाभर बऱ्यापैकी असलेला माणूस एकाएकी घसरायचा. विषाणूने जेवढी हानी केली असेल त्याहून मोठी हानी त्याच्याच शरीराचा दाह करत होता. यालाच वर्तमानपत्रांनी ‘सायटोकाईनचे वादळ’ म्हटले. सायटोकाईन म्हणजे या निरोप्यांची सगळी जातकुळी, आणि इंटरल्यूकिन-६ हा त्यातला एक.

ओमानमध्ये राहिलेल्यांना हे समजवायला मी वादीचे उदाहरण देते. तिथे डोंगरांमधल्या कोरड्या ओढ्याला वादी म्हणतात. पावसाची सगळे वाट पाहतात, कारण पाण्याशिवाय खजूर नाही. पण जून २००७ मध्ये गोनू वादळ आले तेव्हा त्याच वाद्यांनी रस्ते आणि गाड्या वाहून नेल्या, माणसेही गेली. पाणी तेच, प्रमाण वेगळे. दाहाचेही तसेच आहे.

मस्कतच्या रॉयल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तेव्हा दोन उलट दिशांनी प्रयत्न केले आणि दोन्ही प्रामाणिकपणे छापून प्रसिद्ध केले.

पहिला प्रयत्न होता निरोपे धुऊन काढण्याचा. रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवायचे, त्यातला पिवळसर द्रव म्हणजे प्लाझ्मा काढून टाकायचा आणि त्या जागी निरोगी दात्यांचा प्लाझ्मा घालायचा. ८ एप्रिल ते ७ मे २०२० या काळात अतिदक्षता विभागात आलेल्या ३१ रुग्णांची माहिती त्यांनी मांडली. त्यांपैकी ११ जणांचा प्लाझ्मा बदलला होता. श्वासनलिकेतली नळी काढता येण्याचे प्रमाण या गटात ७३ टक्के होते, दुसऱ्या गटात २० टक्के. २८ दिवसांत या ११ जणांपैकी एकही दगावला नाही. दुसऱ्या गटात ३५ टक्के दगावले.

ऐकून आनंद होतो. पण इथे जरा थांबायला हवे. कोणाचा प्लाझ्मा बदलायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. ज्यांचा बदलला ते मुळातच थोडे बऱ्या अवस्थेत असतील तर? ११ आणि २० ही संख्याही लहानच. असा अभ्यास आशा दाखवतो, पुरावा म्हणून तो अपुरा पडतो.

दुसरा प्रयत्न त्याच्या अगदी उलटा होता. इंटरफेरॉन नावाचा दुसरा एक निरोप्या आहे. तो १९५७ मध्ये लंडनला सापडला. विषाणू आला की शेजारच्या पेशींना ‘दारे लावून घ्या’ असे तो सांगतो. हा निरोप रुग्णाला बाहेरून दिला तर? २२ जून ते १३ ऑगस्ट २०२० या काळात ८९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकावी तशी दोन गटांत विभागणी झाली. ४४ जणांना फॅविपिरावीर या गोळ्यांबरोबर इंटरफेरॉन वाफेसारखे श्वासातून दिले. ४५ जणांना तेव्हा चालू असलेले हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन दिले. पहिल्या गटात पाच जण दगावले, दुसऱ्यात सहा. अतिदक्षता विभागात दोन्ही गटांतून आठ-आठ जणांना हलवावे लागले. घरी जाताना तपासलेल्या सीआरपीत आणि इंटरल्यूकिन-६ मध्येही म्हणण्यासारखा फरक नव्हता. थोडक्यात, उपयोग दिसला नाही.

मला हा दुसरा अभ्यास पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. त्या दिवसांत रोज एक नवे औषध रामबाण म्हणून पुढे येत होते. आम्हां मराठी मंडळींच्या फोनवर तर औषधांच्या याद्या फिरत होत्या आणि लोक रुवीच्या दुकानांत त्या हातात घेऊन उभे राहत. अशा वेळी ‘आम्ही नीट तपासले, फायदा दिसला नाही’ असे म्हणणारा डॉक्टर रुग्णाचे मोठे भले करतो.

पक्का पुरावा पुढच्या वर्षी ब्रिटनमधून आला. टोसिलिझुमॅब हे औषध इंटरल्यूकिन-६ ला रक्तातून काढत नाही. ते ऐकणाऱ्या पेशींचे कान बंद करते. दवंडी चालूच राहते, पण कोणी उठून धावत नाही. चार हजारांहून अधिक रुग्णांवर, गट चिठ्ठीने पाडून, ते तपासले गेले. ज्यांना प्राणवायू लागत होता आणि ज्यांचा सीआरपी खूप वाढला होता अशाच रुग्णांना ते दिले होते आणि बहुतेकांना स्टेरॉइडही चालू होते. २८ दिवसांत मृत्यूचे प्रमाण शंभरात ३५ वरून ३१ वर आले. जुलै २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही गंभीर रुग्णांसाठी अशा औषधांची शिफारस केली.

शंभरात चार! कोणाला हे थोडे वाटेल. ज्या चार घरांतला माणूस परत आला त्यांना विचारा. पण त्या अभ्यासातली अट विसरू नका. औषध गंभीर आजारी माणसाला, योग्य दिवशी दिले होते. स्टेरॉइडचेही तसेच दिसले. प्राणवायू लागणाऱ्यांना डेक्सामेथासोनने वाचवले, पण ज्यांना प्राणवायू लागतच नव्हता त्यांना त्याचा फायदा झाला नाही. आग लागण्याआधीच दवंडीवाल्याचे तोंड बांधले तर गाव झोपेत जळेल. २०२१ मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीने इतक्या लोकांचे डोळे आणि जबडे नेले, त्यात वाढलेली साखर आणि गरज नसताना किंवा जास्त घेतलेले स्टेरॉइड यांचा मोठा हात होता.

निरोप थांबतच नाही तेव्हा

साथ ओसरली, पण हा निरोप्या आपल्यात आहेच. उतारवयात तो चार ठिकाणी भेटतो.

पहिले ठिकाण सांधे. आमवातात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते आणि दवंडी बंदच होत नाही. या रोगात इंटरल्यूकिन-६ पहाटेच्या सुमारास चढते. सकाळी उठल्यावर बोटे तासभर आखडलेली राहतात, कपाची कडी धरवत नाही, त्याचे हे एक कारण. झिजेच्या गुडघेदुखीत आखडलेपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. हा फरक डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दुसरे ठिकाण रक्त. इंटरल्यूकिन-६ यकृताला हेपसिडीन नावाचा पदार्थ बनवायला लावते. हेपसिडीन शरीरातल्या लोहाच्या कोठाराला कुलूप घालते, कारण जंतूंनाही लोह हवे असते. संसर्ग चार दिवसांचा असेल तर ही युक्ती चांगली. पण दाह वर्षानुवर्षे चालला तर कोठारात लोह असूनही रक्त कमी पडते. म्हणून काही जणांना लोहाच्या गोळ्या महिनोनमहिने घेऊन गुण येत नाही. अशा वेळी गोळ्या वाढवण्याऐवजी दाहाचे कारण शोधावे लागते.

तिसरे ठिकाण डोके, आणि हे नीट लक्षात ठेवा. पन्नाशीनंतर, बहुधा सत्तरीच्या पुढे, कानशिलाजवळच्या रक्तवाहिन्यांना दाह होणारा एक विकार आहे. आपल्या लोकांत तो तसा कमी आढळतो, पण आढळतो. नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणे, चावताना जबडा भरून येणे, क्षणभर दृष्टी अंधुक होणे, ही त्याची चिन्हे. यात सीआरपी बहुधा बराच वाढतो. उशीर झाला तर डोळा कायमचा जातो. ही चिन्हे दिसली तर भेटीची तारीख मिळेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा. या विकारावर टोसिलिझुमॅबला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. मात्र पहिला उपचार आजही स्टेरॉइडचाच असतो.

चौथे ठिकाण आपले वय. वय वाढते तसा अंगात दाहाचा मंद विस्तव राहू लागतो. पोटावरची चरबीही इंटरल्यूकिन-६ बनवते. गंमत अशी, की चालताना आपले स्नायूसुद्धा हेच प्रथिन रक्तात सोडतात, पण तिथे तो निरोप वेगळा असतो. त्याने दाह शमवणारे दुसरे निरोपे जागे होतात. एकच माणूस एका दारी संकटाची बातमी देतो आणि दुसऱ्या दारी ‘आता निजा’ म्हणून सांगतो. म्हणून रोज अर्धा तास चालणे हे फुकटचे औषध आहे. मस्कतच्या उन्हात आम्ही पहाटे पाचला मत्राच्या किनाऱ्यावर चालत असू, तुम्हांला तर ठाण्याचा तलाव जवळ आहे.

ही औषधे चालू असतील तर

आमवातासाठी टोसिलिझुमॅब किंवा त्या जातीची इंजेक्शने आपल्यापैकी काहींना चालू आहेत. त्यांनी पुढील गोष्टी कागदावर लिहून फ्रीजवर लावाव्यात.

१. या औषधाने ताप आणि सीआरपी दोन्ही दबतात. मस्कतला एक कोकणी गृहस्थ आमच्याकडे तपासणीला आले होते. ताप नाही, सीआरपी अगदी सामान्य, फक्त दोन दिवस दम लागत होता आणि जेवण जात नव्हते. छातीच्या फोटोत न्यूमोनिया निघाला. पावती कोरी होती, कारण यकृताचे कान औषधाने बंद केले होते. तेव्हा खोकला, धाप, लघवीची जळजळ, एकाएकी आलेला गोंधळ, यांपैकी काहीही झाले तर ताप नसला तरी डॉक्टरांकडे जा आणि ‘मला अमुक इंजेक्शन चालू आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

२. औषध सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतातच. हिंदुस्थानात वाढलेल्या अनेकांच्या फुप्फुसांत क्षयाचे जंतू निद्रिस्त असतात. घरात पूर्वी कोणाला क्षय झाला असेल तर लपवू नका. परदेशातल्या डॉक्टरांना हे आपणहून सांगा.

३. आतड्याला पिशव्या किंवा अल्सर असेल तर आधी सांगा. औषध चालू असताना पोटात जोराचे दुखले तर थांबू नका.

४. कोणतीही लस घेण्यापूर्वी विचारा.

५. स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोनमहिने चालू असतील तर एकाएकी बंद करू नका. शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे विसरलेले असते आणि रक्तदाब कोसळू शकतो. किप्पूरच्या उपासाआधी डॉक्टरांशी बोला. जीव राखणे हेही धर्मातच सांगितले आहे.

६. ‘सूज उतरवणारी’ म्हणून मिळणारी, नाव-पत्ता नसलेली पुडी घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. हळद स्वयंपाकात खुशाल घाला. तिच्या अर्काच्या गोळ्या मात्र रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर विचारल्याशिवाय नकोत.

शेवटी एकच सांगते. पुढच्या वेळी सीआरपीचा कागद हातात आला की डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचारा. आकडा कोणत्या एककात आहे? कारण काय असावे असे तुम्हांला वाटते? पुन्हा केव्हा तपासायचा? या तीन प्रश्नांची उत्तरे अहवालाच्याच मागे लिहून ठेवा आणि तो कागद फाइलमध्ये लावा. पुढच्या डॉक्टरला तो तुमच्या दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा अधिक सांगेल.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.